ट्रेलर आधी, ट्रक नंतर

आमच्या घरात ट्रेलर आधी आला आणि तो ओढणारा ट्रक नंतर शोधायला घेतला. हे उलटं चाललंय हे आम्हालाही कळत होतं, पण त्या दिवशी गुढीपाडवा होता. अमेरिकेतल्या कॅरी गावात तीस वर्षं राहून, मुलीला वाढवून, दोघं रिटायर होऊनही मुहूर्त म्हटलं की आमची अक्कल गहाण पडते ती पडतेच. नवरा म्हणाला, "आज ट्रेलर घेऊन टाकू, ट्रकचं काय, नंतर बघता येईल." मीही मान डोलावली, कारण मला त्या ट्रेलरमधला ओटा आवडला होता. ओट्यासमोर चांगली मोठी खिडकी होती. एवढ्यावर मी भुलले, खोटं कशाला सांगू.

ट्रेलर हवा होता तो नवऱ्याला, आणि का ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी चहाचा कप धरताना त्याचा उजवा हात हलायला लागला. मी आपली "कॉफी कमी कर" म्हणून त्याच्या मागे लागले. मग डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सावकाश बोलल्या. आत्ता गाडी चालवायला हरकत नाही म्हणाल्या, किती दिवस ते मात्र सांगेनात. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर नवरा म्हणाला, "हा देश आपण नुसता विमानातून पाहिला गं. कुणाचं लग्न, कुणाचं ग्रॅज्युएशन, की विमानात बसायचं आणि उतरायचं. मला तो एकदा रस्त्याने बघायचाय. जमतंय तोवर."

हा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही. जेवताना मीठसुद्धा उठून स्वतः घेतो. त्याने हे मागितलं आणि मी हो म्हणाले. पुढे मी जी काही आरडाओरड केली ती सगळी या एका गोष्टीभोवतीच होती, की त्याचा हात ऐकतोय तोवर त्याला हा प्रवास घडावा.

तर आम्ही घेतलेल्या ट्रेलरला फिफ्थ-व्हील म्हणतात. साधा ट्रेलर गाडीच्या मागे हुकाला अडकतो. हा तसा नसतो. याचं पुढचं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर येऊन बसतं. त्यामुळे रस्त्यावर तो डुलत नाही म्हणे. आता ट्रक निवडायला नवऱ्याने नेहमीप्रमाणे एक्सेल शीट उघडली आणि दोन महिने तिच्यात मुक्काम केला. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी तर फोन करून पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देतो?" बारा हजार पाउंडांचं घर मागे बांधून निघालेल्या गाडीला ॲव्हरेज विचारणारी जमात आमचीच.

पहिला ट्रक आम्हाला दोघांनाही पसंत पडला. गडद निळा, बसायला सोपा, आतून एकदम गाडीसारखा. सेल्समन म्हणाला, हा काहीही ओढेल. आम्ही तो टेस्ट ड्राइव्हला घेऊन थेट स्टोरेज लॉटवर गेलो, म्हणजे आमचा ट्रेलर जिथे भाड्याने उभा होता तिथे. शेजारच्या जागेत एका गोऱ्या बाईंचा ट्रेलर असायचा. वय सत्तरच्या पुढे, उंची माझ्यापेक्षाही कमी, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि बाई एकट्या भल्यामोठ्या ट्रकने देशभर हिंडायच्या. आम्ही आपसात त्यांना लॉटवाल्या काकू म्हणायचो.

काकूंनी आमचा निळा ट्रक पाहिला, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि खांबावर चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरवर बोट ठेवलं. या ट्रकच्या अंगावर माणसं आणि सामान मिळून सोळाशे वीस पाउंडांपेक्षा जास्त वजन टाकू नका, असं त्यावर लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "ओढेल तो, खुशाल ओढेल. पण तुमच्या ट्रेलरचं नाक एकटंच चोवीसशे पाउंड याच्या अंगावर टाकणार. ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं." नवऱ्याच्या एक्सेलमध्ये ओढण्याचे आकडे होते. अंगावर घेण्याचा रकानाच नव्हता. माणूस जन्मभर औषधांच्या कंपनीत मिलिग्रॅम मोजत बसला आणि इथे नेमका फसला.

मग काकूंनी विचारलं, ट्रेलरमध्ये सामान काय काय भरणार? आम्ही घरी येऊन बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला. मी एकेक वस्तू देत होते आणि नवरा लिहीत होता. कणकेची वीस पाउंडांची पिशवी. तांदळाची त्याहून मोठी. डाळी. दोन कुकर, कारण एकात भात आणि एकात वरण. मिक्सर. बिडाचा तवा, तो मी सोडून येणार नव्हते. देव आणि त्यांची पितळी समई. लोणच्याच्या बरण्या. नवऱ्याने एकदाच विचारलं, "आपण प्रवासाला चाललोय की हॉटेल काढायला?" मी म्हटलं, "तुला महिनाभर बर्गर खायचा असेल तर सांग, सगळं परत ठेवते." तो लिहीत राहिला. शेवटी आमची दोघांची वजनं. मी माझं पंधरा पाउंड कमी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खरं होतं तेच लिहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात कळतंच म्हणा.

बेरजेनंतर एक गोष्ट पक्की झाली. वन-टन म्हणतात त्या सगळ्यात दणकट जातीच्या ट्रकशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढच्या शनिवारी तसला एक बघायला गेलो. त्याची सीट माझ्या छातीच्या उंचीला होती. मी चार फूट अकरा इंच. पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि घसरून खाली आले. सेल्समन स्टूल आणू का म्हणाला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो नंबर प्लेट आणायच्या निमित्ताने आत निघून गेला.

आणि तेवढ्यात नवरा जाऊन शेजारच्या सीटवर बसला. "तू चालव," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी स्वभावाने तापट आहे, आणि बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, दुसऱ्याच्या चुका काढायचाच पगार घेत होते. मी म्हटलं, "तीस वर्षं हायवेवर मला कधी स्टीअरिंग दिलं नाहीस. मी अजून शेजारच्या रॅले शहरातसुद्धा आतल्या रस्त्याने जाते, तुला माहितीये. आणि आता हा रणगाडा माझ्या गळ्यात?"

तो शांतपणे म्हणाला, "मला येईनासं झालं, तर वाटेत कोण चालवणार?"

"तर घरी बसू," मी म्हटलं. "नाहीतरी कुठे जायचं अडलंय आपलं?"

बोलून गेले आणि बोलता बोलताच मला लाज वाटली. पण शब्द परत घेतले नाहीत. त्याने उजव्या हाताकडे बघितलं आणि तो हात मांडीखाली सरकवला. मग खाली उतरला, सेल्समनला थँक यू म्हणाला आणि आम्ही घरी आलो. खरं सांगायचं तर मला राग त्याचा नव्हताच. राग त्या आजाराचा होता, आणि आजाराला बोलता येत नाही म्हणून मी त्याला बोलले.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. ती ओहायोत एका शाळेत बँड शिकवते. "आई, बाबा सेड ही इज सेलिंग द ट्रेलर. डिड समथिंग हॅपन?" मी म्हटलं, "काही नाही गं, वजनाचा प्रॉब्लेम आहे." मनातून मला सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन दिवस मी चक्क गाणं गुणगुणत स्वयंपाक केला, इतकी मी स्वार्थी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हाताच्या एका बोटाने लॅपटॉपवर जाहिरात लिहीत होता. मला म्हणाला, "जरा स्पेलिंग बघ." मी चष्मा लावून वाचलं. ट्रेलरची लांबी, रुंदी, किती माणसं झोपतात. शेवटच्या दोन ओळी इंग्रजीत अशा होत्या: एकदाही वापरलेला नाही. मालकांचा बेत बदलला. ते 'बेत बदलला' माझ्या डोक्यातच गेलं. बेत कुणाचाही बदलला नव्हता. एका बाईला मोठ्या गाडीची भीती वाटली होती, बस. आणि ते न लिहिता तो मला सांभाळून घेत होता, जाहिरातीतसुद्धा. मला रडू आलं. मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "संध्याकाळी बघते. आत्ता चष्म्यातून नीट दिसत नाहीये."

मग मी लॉटवाल्या काकूंना फोन केला. कुणाकडे अशी गोष्ट मागायची म्हणजे मला मरण, पण मागितली. त्या म्हणाल्या, सोमवारी सकाळी ये, आणि चपला नको, बूट घालून ये.

तीन आठवडे मी जाहिरात तपासायचं टाळत राहिले आणि घरी योगाला जाते असं सांगून एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांचा ट्रक चालवला. आधी नुसता, मग मागे ट्रेलर लावून. त्या उशीवर बसून चालवायच्या, मीही बसले. मागे घेताना स्टीअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा, हे त्यांनी शिकवलं. वळताना आधी सरळ पुढे जायचं, पार मूर्ख वाटेपर्यंत, आणि मग वळायचं. मी पहिल्या दिवशी खुणेला मांडलेले तीन केशरी प्लॅस्टिकचे कोन चिरडले. दुसऱ्या दिवशी काकूंनी कोन मोजायचं सोडून दिलं. त्यांनी कधी धीर दे, कौतुक कर असलं काही केलं नाही. "परत," एवढंच म्हणायच्या. एकदा पाणी पिताना मी त्यांना सांगितलं, नवऱ्याला असं असं झालंय. त्या म्हणाल्या, "मी शिकले तेव्हा माझा नवरा हॉस्पिटलात होता. त्याला मी चालवताना बघायला मिळालंच नाही." मग बाटलीचं झाकण लावून म्हणाल्या, "चल, परत."

ट्रक कसा निवडायचा ते मला तिथे कळलं, कारण तिथे मी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर नव्हते. पाय पोचायला हवा, म्हणून बटण दाबून पेडल जवळ घेता येणारा हवा. बॉनेटची कडा दिसेल इतकी सीट वर यायला हवी. हौदा लांबच हवा, आखूड असला तर चिंचोळ्या वळणावर ट्रेलरचं नाक आपल्याच काचेत घुसतं. आणि सगळ्यात आधी पिवळं स्टिकर.

एका शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, "चल, ट्रक बघायला जायचंय." तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "प्रश्न नकोत." तीन वर्षं वापरलेला एक पांढरा वन-टन मी फोनवर आधीच हेरून ठेवला होता. मी सेल्समनला हॅलो म्हणायच्या आत दरवाजा उघडून स्टिकर वाचलं. एकोणचाळीसशे. ट्रेलरचं नाक, माझं सगळं स्वयंपाकघर, आम्ही दोघं आपापल्या खऱ्या वजनासकट, आणि वर जागा शिल्लक. पायरीवर पाय, दांडी, आणि वर. पेडल माझ्या पायाशी येऊन थांबलं. नवरा शेजारी बसला आणि मी तो ट्रक हायवेवर नेला, आतल्या रस्त्याने नाही. तो म्हणाला, "हे कधी शिकलीस?"

"योगाला," मी म्हटलं.

तो खूप हसला. मग खिडकीकडे तोंड करून बसला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला एवढंच सांगितलं, की तुला वाटेल तोवर तूच चालव. मी विचारणार नाही, सुचवणार नाही, सुस्कारे टाकणार नाही. माझं तोंड बघता हे वचन किती अवघड होतं ते मला ओळखणाऱ्याला कळेल.

सहा दिवस रमतगमत, मुक्काम करत त्यानेच चालवलं, आणि छान चालवलं. सातव्या दिवशी व्हर्जिनियाच्या डोंगरातून लांब उतार लागला. मागचं वजन पुढे रेटत होतं. त्याचा उजवा हात स्टीअरिंगवर थडथडायला लागला. त्याने डावा हात घट्ट केला. मी समोर बघत राहिले. उतार संपल्यावर त्याने इंडिकेटर लावला आणि रेस्ट एरियात ट्रक व्यवस्थित, दोन रेघांच्या मध्ये उभा केला. इंजिन बंद केलं. मग वळसा घालून माझ्या बाजूला आला, दरवाजा उघडला आणि मला उतरायला हात दिला. तोच हात, हलणारा. "आता तू घे," म्हणाला.

मी चढले. सीट वर घेतली, पेडल जवळ घेतलं, आरसे बघितले. त्याला बेल्ट लावायला वेळ लागला, तोवर थांबले.

माझ्या शेजारी बसला की या माणसाचा पाय तिथे नसलेलाच ब्रेक दाबत असतो. साध्या किराणाला जाताना, दोन मैलांवर, तो डोळे ताणून समोर बघत बसतो आणि "सिग्नल, सिग्नल" म्हणत राहतो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी चालवताना तो एकदाही झोपलेला नाही. त्या दिवशी हायवेला लागून दहा मिनिटं झाली नसतील, त्याची मान खिडकीला टेकली. हातसुद्धा मांडीवर स्वस्थ पडला होता. मी उजव्या, सावकाश जाणाऱ्यांच्या लेनमध्ये ताशी पंचावन्न मैलांवर राहिले. मागून सगळे ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जात होते, आणि मी एकेकाला जाऊ देत होते.