मामींचा बाजारापुरता बेत

मेडशीच्या मामींना पुढच्या आठवडी बाजारापलीकडचं बोललेलं चालत नसे. कोणी मोठा बेत सांगू लागलं की हातातलं सूप खाली ठेवून त्या विचारत, "या बाजारापर्यंत काय होईन, ते सांगा."

मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून मी त्या गावी गेले, तेव्हा शाळा समितीच्या योजनेत दगडी इमारत, विहीर, बोर्डिंग, झालंच तर फुलबागसुद्धा होती. मुली तेवढ्या नव्हत्या. होळीपर्यंत वर्ग भरला नाही तर शाळा बंद, असं समितीचे अध्यक्ष मला ऐकवून गेले. अध्यक्ष म्हणजे मामींचेच चिरंजीव, आबासाहेब.

मी घरोघर शिक्षणाचं महत्त्व सांगत फिरले. लोकांनी चहा पाजला, मुलगी कोणी पाठवली नाही. मामी म्हणाल्या, "बाई, पुरी पोट्टी कोण देईन तुमाले? कापूस काय तुमी वेचून देसान? सकाळचा येक घंटा मांगा."

पण सकाळी मुली जात्यावर बसलेल्या. तेव्हा मामी स्वतःच लोकांच्या घरी जाऊन दळायला बसू लागल्या. पाटलाघरची बाई कुणब्याच्या जात्याशी, म्हणून गावभर कुजबुज झाली. एका बाजाराला एक घर, एवढंच त्या धरत. मुलगी पाटी घेऊन सुटायची, आणि दोन-चार दिवसांत तिच्या आईलाच इतकी लाज वाटायची की ती मामींच्या आधी उठून दळण उरकून टाकायची. मामींचा डाव तोच होता.

"आणि तुमची नात?" मी एकदा विचारलंच. आबासाहेब बनूला अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नसत.

"थे घर सगळ्यात कठीन हाय, बाई. आधी सोपे घरं घेऊ."

होळीच्या आत वर्ग भरला. शाळा वाचली. मामी मला म्हणाल्या, "या बाजारी माह्या घराचा नंबर." त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला, आणि बाजाराच्या आधीच त्या गेल्या. मला फार रडू आलं.

उन्हाळ्यात बनूचं लग्न झालं. मांडवात आबासाहेब पाहुण्यांना शाळेच्या इमारतीचा नकाशा दाखवत होते.

पुढे मी बऱ्याच गावी शाळा उभ्या केल्या, त्या मामींच्याच रीतीनं, बाजारामागून बाजार. फक्त पहिल्या बाजाराला मी गावातल्या सगळ्यात कठीण घराची कडी वाजवते.