नासिरचा भोंगा
लातूरच्या नासिरच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा: भुई हलली की भोंगा वाजलाच पाहिजे. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडं मामूच्या घरी गेलेली त्याची बहीण जाहिदा झोपेतच गेली. कोणी उठवलं असतं तर? या एका प्रश्नानं माणूस आतून पोखरला, दुसरं काय!

पुढं लातुरात कोचिंगचं पेव फुटलं. वसंतराव सरांच्या क्लासच्या पोरी एकाच उंच इमारतीत राहायच्या, तिथंच शिकायच्या. नासिरनं तिथं हादरा ओळखणारी डबी अन् भोंगा बसवला, दोन्ही कॉम्प्युटरला जोडले आणि लिनक्सच्या कर्नेलसाठी, म्हणजे मशीनच्या पार गाभ्यासाठी, ड्रायव्हर लिहिला, म्हणजे डबीचं बोलणं मशीनला समजावणारा प्रोग्राम. हादरा बसला, तार तुटली, वीज गेली, तर कर्नेलनं ड्रायव्हरमधलं कोणतं फंक्शन, म्हणजे कोणता ठरलेला कामाचा तुकडा, बोलवायचं याची नोंदणी करावी लागते. दुरुस्तीसाठी ड्रायव्हर काढताना ती रद्दही करावी लागते.

भीतीपोटी या बाबानं प्रत्येक नोंदणी दोनदा केली. एकानं ऐकलं न्हाई तर दुसरा हाय! रद्द मात्र एकदाच व्हायची. ड्रायव्हर काढला तरी उरलेल्या नोंदीवर कर्नेल हाक मारायचा, तिथं कोणीच नसायचं, अन् मशीन ठप्प.

वसंतराव वैतागले. "नासिरभाई, आज चालू झालं नाही तर डबी उचला."

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा दोस्त अंबरीश फोनवर खेकसला, "अरे, एकच तक्ता कर. घटना अन् तिचं फंक्शन. एकदाच नोंदव, एकदाच काढ. जास्तीचं पुसून टाक की!"

"पुसू कसं यार? जीव व्हत न्हाई."

"मग बस मशीनला कवटाळून!"

एकेक ओळ पुसताना नासिरला वाटलं, आपण कोणाला तरी झोपेत टाकून चाललोय. रडू आलं मेल्याला. शेवटी ढीगभर ओळींच्या जागी एक तक्ता उरला. ड्रायव्हर काढला, घातला, परत काढला, परत घातला. मशीनची कुरकुर न्हाई!

"वाजवून दाखवा," वसंतराव म्हणाले.

नासिरनं डबीवर मूठ आपटली. भोंगा असा कोकलला की रस्त्यावरची माणसं थांबली. नासिर हर्षानं वरच्या हॉलकडं धावला. भोंगा वाजला की पळायचं, हे प्रत्येक पोरीला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आजची चाचणी मात्र त्यांना ठाऊक नव्हती.

हॉल गच्च भरलेला. पोरी माना खाली घालून उत्तरांचे गोळे काळे करत होत्या. एकही उठली नव्हती.

"अगं पळा की, माय! पळा!" नासिर जिवाच्या आकांतानं ओरडला.

दाराजवळच्या मनस्विनीनं एक कान दाबला आणि मान वर न करताच म्हणाली, "काका, बंद करा न ते. पेपर चालू हाय."