भाचीचा संघ आणि माझा फ्लेक्स

माझा उतावळेपणा अख्ख्या नांदूरघाटला माहीत आहे, तरी त्या वर्षी मी कहरच केला. धाकटी बहीण दुबईत नर्स. नवरा फिलिपिन्सचा, तिथल्याच दवाखान्यात कामाला. त्यांची लेक बास्केटबॉल असं खेळते, की दोन्ही देशांच्या संघांनी तिला बोलावलं. खेळायचं मात्र एकाच देशाकडून. दुसऱ्याचं दार मग बंद. "पोरगी ठरवंल," बहीण फोनवर म्हणाली. मी ठरवूनच टाकलं. सुट्टीत ती गावी येणार म्हटल्यावर स्टँडवर फ्लेक्स लावला: 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल आमच्या भाचीचे हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात गॉगल घातलेला मी, तिच्यापेक्षा मोठा.

"पोरीनं अजून हो म्हणलं न्हाई, अन् तुमी फ्लेक्स कावून लावला?" बायकोनं विचारलं. मी तिलाच वेड्यात काढलं.

मायलेकी केजहून जीपनं आल्या. उतरल्या उतरल्या पोरीनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, भारावली. घरी तिच्या आवडीचे धपाटे केले होते, तिनं घासही घेतला नाही. शेवटी अंगणात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्याशी बोलायचं तर मला मान वर करावी लागते. बोलते मात्र थेट आईसारखं, अस्सल इथलं.

"मामा, मी पप्पाच्या देशाकडून खेळणार हाय. तिकडच्या संघाला कळवलंय."

मी भडकलोच. "अन् मग आमी कोण?"

"इथं माझे लई लाड होतात, मामा. पण चेंडू हातात आला तो तिकडच्या आजीच्या गल्लीत. तिथली पोरं मला खेळायला घ्यायची, पाडायची, परत घ्यायची." तिचे डोळे भरले. "आता मला आजोळ न्हाई का?"

आणि माफी मागायला ती माझ्या पायाशी वाकली.

मी दचकून मागं उडी मारली, ती थेट पाण्याच्या बादलीत. आमच्याकडं भाची मामाच्या पाया पडत नाही, मामानं भाचीच्या पडायचं असतं. रागाच्या भरात मी तिला वाकायला लावलं, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओल्या पायानं मीच वाकलो. "माय, कुठूनबी खेळ," म्हणालो, "पण पुन्हा असं इचारू नको."

ती रडता रडता बादलीकडं बघून हसायला लागली. मग जेवायला बसली, ती बायको धपाटे थापून दमेपर्यंत उठलीच नाही. मला इतका आनंद झाला की मीही तिच्या शेजारी ताट घेऊन बसलो.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून फ्लेक्स उतरवला. शिडी मी धरली, दोऱ्या तिनं सोडल्या. बायकोनं लगेच तो सरपणावर झाकायला घेतला. गॉगलवाला मी अजून तिथंच आहे, उन्हातान्हात.

गेल्या महिन्यात तिचा पहिला सामना होता. मी पुन्हा फ्लेक्स करायला टाकला, पण या वेळी छापण्याआधी तिला फोन करून मजकूर वाचून दाखवला. तिच्या वडलांच्या देशाचं नाव, संघ, अभिनंदन, सगळं. माझा फोटो नव्हता.

"चुकलं का काही?" मी विचारलं.

"एक राहिलं," ती म्हणाली. "खाली लिवा, नांदूरघाटची भाची."