कारणाचा रकाना

माझी मावशी स्वर्गात गेली तरी आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल आणि मगच आत पाऊल टाकेल. शिरवळच्या एका कारखान्यात ती मालाच्या तपासणीला आहे आणि हे काम तिच्या अंगात पुरतं मुरलं आहे. चपाती ती उजेडात धरून पाहते. सात नारळ कानाशी हलवून आठवा घेते. पण नाकारलेल्या नारळांनाही ती न्याय देते. एकेकाचं काय चुकलं ते दुकानदाराला सांगितल्याशिवाय हलत नाही. "आमच्यात रिजेक्ट मारलं की कारनाचा रकाना भरावा लागतो," असं तिचं म्हणणं.

याच रकान्यापायी तिने गौरीला शाळेतून काढलं. गौरी ही तिची चौदा वर्षांची मुलगी. मावशी एकटीच तिला वाढवते. नववीत गौरीचं पोट रोज सकाळी दुखायचं, रविवारी मात्र अजिबात नाही. डॉक्टरांना काही सापडेना. त्यातच प्रगतिपुस्तकावर 'कमकुवत' असा शेरा आला. मावशी ते घेऊन शाळेत गेली. "बाई, ह्यात कारन कुठं हाय?" बाईंनी तोच शेरा पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. मावशी दाखला घेऊनच परतली. "दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं बसंल. तवर घरी, तिच्या मनानं."

मी तेव्हा नोकरीसाठी मावशीकडे नुकतीच राहायला आले होते. 'तिच्या मनानं' म्हणजे नेमकं कसं, हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच सोमवारी सकाळच्या पाळीला निघताना तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला: उठणे, नाश्ता, आणि 'साडेदहा ते अकरा – कुतूहल'. शिवाय कारखान्यात एक पाळी दुसरीला काम सोपवताना लिहिते, तशी एक वही टेबलावर ठेवली. ती घरी आली तेव्हा वहीत गौरीची नोंद होती: 'कुतूहल आलं नाही. पुढच्या पाळीकडे सोपवत आहे.' मावशी ठसका लागेपर्यंत हसली. मग तिने तक्ता काढला, त्याच्या पाठीवर कारण लिहिलं आणि केरात टाकला. वही राहिली.

पुढचे दोन महिने गौरी जवळजवळ नुसती झोपली. मावशी घासलेली भांडी पुन्हा घासायची. मग एक दिवस गौरी कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शिरली, आणि वही प्रश्नांनी भरू लागली.

गणपतीच्या आधी कवठे महांकाळहून मामा आले. ते मावशीहून मोठे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गौरीला गावी नेऊन शाळेत घालायचं ठरवूनच ते आले होते. "तू दिसभर कामावर, पोरगी एकटी. वाया चालली. बॅग भर हिची." गौरी दाराच्या पडद्यामागे उभी होती, तिचे फक्त पाय दिसत होते. मावशीने हातातला चहा खाली ठेवला. तिने वही आणि पेन मामांपुढे ठेवलं.

"न्ह्या, दादा. पर आधी हे वाचा, आन का न्हेताय ते कारन लिवा."

मामा चष्मा लावून वाचत गेले आणि एका पानावर थांबले. 'मामांची विहिरीवरची मोटार दरवर्षी का जळते? विजेच्या तीन फेजपैकी एक गेला तरी ती चालूच राहत असणार. विचारायचं.'

"व्हय गं," मामा पडद्याकडे बघून म्हणाले, "एक फेज जातोय खरा. हे त्या मिस्त्रीनं कवा सांगितलं न्हाई!"

पाय पडद्याबाहेर आले. "मामा, आवं, मोटार जळायच्या आधी गुंगुं आवाज करती का?"

दोघं तासभर बोलत होते. जाताना मामांनी वहीत लिहिलं: 'कारण सापडले नाही. दिवाळीला पुन्हा तपासणी.' खाली सही, हुद्द्यासकट.

ते गेल्यावर मावशीने चहाचे कप घासले, आणि तेच पुन्हा घासले. मग म्हणाली, "त्यांच्या जागी मी असते, तर लिवलं असतं गं कारन. लय हायती."

माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर 'उत्तम' असाच शेरा आहे. वर्गात मी कधी हात वर केला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता माझी बदली पुण्याला झाली आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी ती वही चाळली. गौरी मला ताई म्हणते. मधल्या एका पानावर, तिला सूचना म्हणून, मावशीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताई आज जेवताना आपणहून बोलली. कारण विचारू नये.'