पुसता पुसता राहिलेली टीसी

मेडशीला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर मी घेतला तेव्हाच जुना होता. वाशीमचा एक टायपिंग क्लास बंद पडला, तिथून तो आणला. तो मध्येच अडायचा. अडला की मी उठून चहा ठेवायची, तोवर तो चालू झालेला असायचा.

त्या रविवारी चहा ठेवायला वेळ नव्हता.

दुपारी तीनच्या सुमाराला मायलेकी आल्या. जवळच्याच खेड्यातल्या. सोयाबीन सोंगायला आलेलं, आई वावरातूनच उठून आलेली, पायाला माती तशीच. मुलगी बारावी होऊन मालेगावच्या कॉलेजात बीएस्सीला लागली होती. आता नर्सिंगच्या यादीत तिचं नाव आलं होतं, अकोल्याला. कागदपत्रं साईटवर टाकायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

"टीसी आन् तिची झेरॉक्सबी कॉलेजात जमा हाय," मुलगी म्हणाली. "आज कॉलेज बंद. पण जमा करायच्या आधी तुमच्याकडंच स्कॅन केली व्हती ना ताई?"

मला आठवत होतं. स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या कामांची यादी असते, तिथून मी तिची टीसी उघडून दाखवली. शाळेचा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, सगळं स्पष्ट.

"हे पाय, हाय तुही टीसी," मी म्हणाले आणि पडद्यावरची ती खिडकी नुसती खाली सारून गुणपत्रिका स्कॅनरवर ठेवली.

अर्ध्यात स्कॅनर थांबला. जागा शिल्लक नाही, असं पडद्यावर आलं.

हे मला नवीन नव्हतं. कॉम्प्युटर काम करताना तात्पुरत्या फायली तयार करतो आणि पुष्कळदा त्या तशाच सोडून देतो. त्यांचा एक फोल्डर असतो. कित्येक महिन्यांत मी तो साफ केला नव्हता. उघडला तर हजारो फायली. सगळ्या निवडल्या आणि कायमच्या पुसायला लावल्या. हिरवी पट्टी थोडी सरकली आणि अडली. ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, पुसता येत नाही. पुन्हा प्रयत्न. तेच. ती सोडली, तर पुढची अडली.

"काहून थांबलं वं ताई?" आईनं विचारलं.

"जागा करून राह्यली मावशी. होते आता."

चार वाजून गेले. बाकीच्या गेल्या, पण साठेक फायली हलायला तयार नव्हत्या, आणि नेमक्या त्याच मोठ्या होत्या. मी दात ओठ खात एकेक उघडा प्रोग्रॅम बंद करत सुटले. सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि उरलेल्या फायली पुन्हा निवडल्या. कायमच्या पुसायच्या का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. माझं बोट बटणावर होतं.

"ताई, थांबा!" मुलगी जवळजवळ ओरडली. "त्या सगळ्यात ते लाल चिन्हवालं एकच हाय. ते काय हाय?"

मी पाहिलं. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. पण फाईल पीडीएफ होती आणि तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. रद्द करून ती उघडली.

तीच टीसी.

त्या दिवशी मी ती स्कॅन केली, प्रिंट काढून दिली, पण नीट जतन केलीच नव्हती. स्कॅनरनं ती ह्या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. पहिल्या झटक्यात ती वाचली, कारण तेव्हा माझ्याच हातानं उघडून खाली सारलेली होती. आता ती खिडकीही मी बंद केली होती. आता ती पुसली गेली असती.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. आईकडं एकदा बघून ती गप्प राहिली.

मी टीसी पेनड्राइव्हवर घेतली, दोनदा उघडून पाहिली. उरलेल्या फायली तरीही जाईनात, म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा, वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. चार वाजून पंचवीस मिनिटं. आई पदरानं तोंड पुसत दारापर्यंत जायची आणि परत यायची.

पस्तीसला कॉम्प्युटर सुरू झाला. कुठलाही प्रोग्रॅम उघडायच्या आत मी तो फोल्डर गाठला. ह्या वेळी सगळ्या फायली मुकाट गेल्या. गुणपत्रिका स्कॅन झाली, टीसी चढली, फोटो चढला. शेवटचं बटण दाबल्यावर साईट गोल गोल फिरत राहिली. पाचला सहा मिनिटं कमी असताना पोच आली. मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

"आता कायले रडतं? झालं ना?" आई म्हणाली.

तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं, "मावशी, चूक माही व्हती. हिची टीसी मी नीट ठेवलीच नव्हती. आज माह्या हातानंच पुसली गेली असती. हिनं पाह्यलं म्हणून वाचली."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं "जाऊ द्या" म्हणावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर येतो ताई." एवढंच. मग पिशवी उचलली आणि दोघी बसकडं गेल्या.

मुलगी अकोल्याला लागली. त्याच आठवड्यात मी गिऱ्हाइकांच्या फायलींसाठी वेगळा फोल्डर केला, गावाप्रमाणं आणि नावाप्रमाणं. दिवाळीनंतर आई एकटी आली, आधारच्या कामासाठी. खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं विचारलं, "आमचे कागद कुठं ठेवता तुमी? दाखवा."

मी पडदा तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नाही. मी बोट ठेवून तिच्या लेकीचं नाव दाखवलं. तिनं ते नीट पाहून घेतलं, आणि मग ती बसली.