‘आइस’वर ओढलेली लाल रेघ

भारताचा आइस हॉकीचा राष्ट्रीय संघ असतो, हे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. अकोल्यात राहणाऱ्या माणसाला बर्फ माहीत असतो तो लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून नेल्या जाणाऱ्या लादीचा, नाहीतर रसवंतीच्या ग्लासात तरंगणाऱ्या तुकड्यांचा. त्यावर कोणी काठी घेऊन उभा राहतो आणि छातीवर देशाचे नाव लावतो, ही गोष्ट माझ्या कल्पनेच्या बाहेरची होती. मला सांगायचे आहे ते त्या अज्ञानाच्या भरात मी काय केले आणि नंतर, सारे कळल्यावरही, काय केले याविषयी.

त्या काळी मी अकोल्याच्या एका दैनिकात क्रीडा पान पाहत असे. अमरावती आवृत्तीची पानेही अकोल्यातच लागत. फॅक्स होता, ई-मेल आली होती, तरी खेड्यांतले जुने वार्ताहर आपल्या बातम्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती देत आणि आमचा शिपाई दुपारी स्टँडवर जाऊन ती गोळा करून आणी. मला ती पाकिटे फार आवडत. कशावर चहाचा डाग असे, कोणी जुनीच लग्नपत्रिका उलटी करून पाकीट चिकटवलेले असे. अमरावतीजवळच्या वलगावचे पाकीट मात्र न पाहताही ओळखू येई. त्याला शेवंतीचा वास असे.

वलगावचे आमचे वार्ताहर फुलशेती करीत. पहाटे करंड्या घेऊन अमरावतीच्या फुलबाजारात जायचे, परतताना आमच्या पेपरचा गठ्ठा आणून गावात वाटायचा आणि जेवण झाल्यावर शाईच्या पेनाने बातमी लिहायची, असा त्यांचा दिवस असे. अक्षर टपोरे आणि खाडाखोड जवळजवळ नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाकिटासोबत झेंडूची भली मोठी पिशवी येई आणि आमच्या छपाई यंत्राला त्यांच्याच शेतातला हार पडे. यंत्र सुरू झाले की त्या दिवशीच्या पहिल्या काही प्रतींवर एखादी पाकळी छापल्यासारखी चिकटून येई. ते दिवस आठवले की आजही मन भरून येते, आणि लगेच ते आठवण्याचा आपल्याला अधिकार आहे का, असा प्रश्नही पडतो.

त्यांचा मुलगा अमरावतीला कॉलेजात होता. चाकांचे बूट घालून सिमेंटच्या मैदानावर तो हॉकी खेळत असे, गोलकीपर म्हणून. पायांना बांधायचे पॅड इकडे मिळत नसत, म्हणून वडिलांनी राजापेठेतल्या एका गादीवाल्याकडून रेक्झिनमध्ये कापूस ठासून ते शिवून घेतले होते. त्या पॅडवर खेळत तो राज्याच्या संघापर्यंत गेला, तिथून लडाखच्या शिबिराला आणि तिथून भारताच्या आइस हॉकी संघात. संघ तेव्हा नुकताच परदेशी स्पर्धांत उतरू लागला होता. हे सारे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी माझ्यासमोर होते ते फक्त एक पाकीट, आणि त्यातल्या बातमीचे पहिले वाक्य: ‘येथील युवकाची भारताच्या आइस हॉकी संघात गोलरक्षक म्हणून निवड झाली आहे.’

मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, “काय जी, बरफावर हॉकी? आपल्या इथं लस्सीत टाकाले बरफ पुरत नाई, अन् वलगाववाले त्याच्यावर खेयून राहिले!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत हसतच ‘आइस’ या शब्दावर लाल रेघ ओढली. बातमीत तो तीनदा आला होता. तिन्ही ठिकाणी ओढली. लडाखच्या शिबिराचा उल्लेख होता, तो मी उंचावरचा सराव समजून राहू दिला. वार्ताहरांचा मोबाइल नंबर माझ्याच टेबलाच्या काचेखाली होता. फोन करायला अर्धे मिनिट पुरले असते. पण खेड्यातल्या माणसाने लिहिलेले दुरुस्त करणे हेच आपले काम, अशी माझी इतक्या वर्षांत खात्री झाली होती. शिवाय आता बातमी मोठी झाली होती. वऱ्हाडातला मुलगा, भारताचा हॉकी संघ! मी ती फोटोसह तीन कॉलमांत लावली.

वलगावात फटाके वाजले. मुलगा परदेशी स्पर्धेला गेलेला होता, म्हणून गावाने वडिलांचाच सत्कार केला. ते भाषणात म्हणाले, की हा खेळ वेगळा आहे, बर्फावरचा आहे. पण ज्यांच्या हातात छापलेला पेपर होता त्यांनी ते विनयाचे बोलणे समजून टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात अमरावतीच्या काही हॉकीपटूंचे पत्र संपादकांकडे आले: भारताच्या हॉकी संघात या नावाचा कोणी नाही, हा मुलगा आइस हॉकी खेळतो, तुमच्या पेपरने लोकांना फसवले आहे.

संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावले. मूळ कॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, लाल रेघांसकट. त्यांनी विचारले, “वार्ताहराने काय लिहिले होते?”

मी म्हणालो, “हॉकीच.”

एवढा एकच शब्द. तो उच्चारताना मी कोणाचे वाईट चिंतत नव्हतो. मला फक्त त्या केबिनमधून बाहेर पडायचे होते. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला: ‘वार्ताहराने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे’. वार्ताहर हे खेळाडूचे वडीलच आहेत, हेही त्यात होते. त्यांच्याकडचे बातम्यांचे काम गेले, पेपर वाटण्याचे कामही गेले. पोराला मोठे करण्यासाठी बापाने मुद्दाम ‘आइस’ गाळून पेपरात खोटे छापून आणले, असे गावाने ठरवले आणि त्यात गावाची काही चूक नव्हती.

ते एकदाच अकोल्याला आले. हातात त्या दिवशी फुले नव्हती.

“साहेब, म्या तीनदा आइस लिवलं होतं. माही कॉपी पाहा ना जी.”

“जुन्या कॉप्या आम्ही ठेवत नाही, भाऊ.”

ते म्हणाले, “ठेवत नाई, त मंग म्या चूक लिवलं हे तुमाले कसं समजलं?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि मीटिंग आहे असे सांगितले. ते खुर्ची होती तशी सरकवून ठेवून निघून गेले.

त्यानंतर मी त्या संघाच्या बातम्या जमवू लागलो. सुरुवातीच्या स्पर्धांत आपला संघ जवळजवळ प्रत्येक सामना हरला, आणि असा हरला, की वृत्तसंस्थेच्या मजकुरातला गोलांचा आकडा मला छपाईची चूक वाटला. या वेळी मी फोन करून खात्री केली. आकडा बरोबर होता. हळूहळू समजत गेले, की या खेळाडूंना सरावाला नैसर्गिक बर्फ मिळतो तो हिवाळ्यात जेमतेम दोन महिने, आणि समोरचे देश बंदिस्त मैदानांवर वर्षभर खेळतात. पुढच्या वर्षांत फरक कमी होत गेला. मग कधीतरी पहिला विजय आला. त्या दिवशी क्रिकेटच्या दोन बातम्या काढून मी त्याला चौकट दिली आणि शिव्या खाल्ल्या. मग मुलींचा संघ आला. त्याही आधी हरल्या, मग जिंकल्या. पहिल्या विजयानंतर राष्ट्रगीताच्या वेळी रडणाऱ्या त्या मुलींचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो होतो. प्रत्येक निकाल, कितीही लहान असला, तरी मी तीन ओळींत का होईना छापला आणि दरवेळी ‘आइस’ हा शब्द मथळ्यातच घेतला. मला वाटे, वलगावात ते कोणीतरी वाचत असेल. आपण प्रायश्चित्त घेत आहोत, असेही वाटे. ज्याला कोणी पाहत नाही असे प्रायश्चित्त किती सोयीचे असते, हे तेव्हा उमगले नाही.

आता मी नोकरीतून मोकळा झालो आहे आणि अमरावतीला राजापेठेत राहतो. मध्यंतरी मुलींच्या संघाने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवल्याची बातमी मोबाइलवर वाचली. छापायला पान नव्हते, लावायला मथळा नव्हता. कपाटातून वलगावचे ते जुने पाकीट काढले. आत लाल रेघांची कॉपी तशीच होती. वास केव्हाच उडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वलगावला गेलो.

ते शेतात शेवंती तोडत होते. पाठ वाकली होती. मुलगाही तिथेच होता, आता चाळिशीकडे झुकलेला, करंड्या उचलत होता. मी पाकीट पुढे केले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, कागद उलगडला आणि लाल रेघांवरून बोट फिरवले.

“अक्षर चांगलं होतं बापा माह्यं तवा,” ते म्हणाले.

मी सगळे सांगितले: केबिन, तो एक शब्द, ड्रॉवर. मग सांगितले, की त्यानंतर तुमच्या मुलाच्या संघाची एकही बातमी मी चुकवली नाही.

“तुमचा पेपर म्या त्या दिवसापासून हातात नाई धरला,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मुलगा कागद वाचून हसला. “काका, तुमाले खोडाचंच होतं त म्या किती गोल खाल्ले ते खोडाचं होतं ना!”

मला हसता आले नाही. वडीलही हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारले, “हे मले काहून दाखवून राहिले? मले त माईत होतं. माईत नाई ते त्या तिकडच्याईले.” त्यांनी गावाकडे हात केला.

आम्ही तिघे स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. गावातले पेपर तिथेच वाचले जातात. सात-आठ माणसे होती. मी उभा राहून सांगितले. निम्म्यांना काहीच आठवत नव्हते, ज्यांना आठवत होते त्यांतले एक म्हातारे कपबशी खाली ठेवून म्हणाले, “आमी त याले बरफगोयेवाला म्हनत होतो इतकी वर्सं. आता काय म्हनाचं?”

“गोलकीपरचा बाप म्हना,” कोणीतरी म्हणाले आणि दोघेतिघे हसले. वडिलांनी तिकडे पाहिलेही नाही. ते मला म्हणाले, “बोललेलं हवेत जाते जी. लिवून द्या. तुमचा खुलासा लिवलेलाच होता.”

हॉटेलवाल्याने वहीचे पान फाडून दिले. इतकी वर्षे दुसऱ्यांचे लिहिणे दुरुस्त करणाऱ्या मला त्या पाच ओळी लिहायला पुष्कळ वेळ लागला. लिहिले, की बातमीत वार्ताहरांनी ‘आइस हॉकी’ असेच लिहिले होते. गैरसमजामुळे तो शब्द क्रीडा विभागाकडून वगळला गेला आणि दोष त्यांच्यावर आला.

त्यांनी कागद जवळ घेतला. शब्दाशब्दावर बोट ठेवीत वाचला. मग हात पुढे केला आणि मी माझा पेन त्यात दिला. ‘गैरसमजामुळे’ या शब्दावर त्यांनी सरळ रेघ ओढली. ‘क्रीडा विभागाकडून’ यावरही ओढली आणि वर टपोऱ्या अक्षरात लिहिले: ‘मी’. ‘वगळला गेला’ यातला ‘गेला’ खोडला. ‘दोष त्यांच्यावर आला’ यापाशी थांबले, तिथला ‘आला’ही खोडला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“हे तुमी लिवा.”

मी ‘टाकला’ असे लिहिले आणि खाली सही केली. मुलाने तो कागद रोजचा पेपर अडकवतात त्या खिळ्याला अडकवला. मग वडिलांनी हॉटेलवाल्याला चार चहा सांगितले. आम्ही तिघेच होतो. चौथा कोणासाठी, हे ते बरफगोयेवाला म्हणणारे म्हातारे रिकामी कपबशी घेऊन आमच्या बाकावर सरकेपर्यंत मला कळले नाही.