डोक्यावरून न निघालेली टोपी

माझ्या वडिलांच्या डोक्यावरची टोपी शेवटी कात्रीने कापून काढावी लागली. टोपी मी विणली होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला, उपचार सुरू झाले आणि बघता बघता केस गेले. बंगळूरच्या आमच्या चामराजपेटेत अण्णांचा भांग प्रसिद्ध! (खोबरेल तेल लावून, आरशासमोर उभं राहून, कुणाशी एक शब्द न बोलता पाडलेला.) केस गेल्यावर ते दारातसुद्धा येईनासे झाले. त्यात थंडीचे दिवस, आणि हॉस्पिटलातला एसी असा की डोकं बर्फ व्हायचं. दुकानातल्या टोप्या आणल्या, तर एकच उत्तर, "टोचते."

"मग मी विणते!" मी म्हणाले. पंचेचाळिशी उलटलेली, आणि आजवर लोकरीची सुई हातात धरलेली नाही!

शिकवायला दोघी आल्या. एक माझी शाळेपासूनची मैत्रीण नंदा. दुसऱ्या शेजारच्या गौरक्का. त्या घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी.

नंदा म्हणाली, "टाका घट्ट ओढ. सैल राहिला की गळतो."

मी काठाचे सगळे टाके दात आवळून घातले. दुसऱ्या दिवशी गौरक्कांनी ते पाहिले.

"अय्यो, फास आवळतेस काय गं? स्वल्प सैल सोड!"

मी सोडलं.

"एवढं नाही!" नंदा ओरडली.

"सरी, सरी, असू दे, सोडू दे की तिला!" गौरक्का म्हणाल्या.

दोघींची जुंपली. मी मध्ये बसून गौरक्का सांगतील तसं मुकाट्यानं विणत राहिले. (काठ नंदाचा, वरचा भाग अक्कांचा. कुणाचं मन मोडायला नको!) झालं काय, टोपीचं पोट भोपळ्याएवढं आणि तोंड तांब्याएवढं!

"ताणली की बसेल," नंदा म्हणाली.

उपचाराच्या दिवशी सकाळी अण्णांना खुर्चीवर बसवलं. मी डावीकडून, नंदा उजवीकडून, गौरक्का वरून. "स्वल्प... अजून स्वल्प..." आणि टोपी एकदम कानांखाली उतरली! अण्णांच्या भुवया वर चढल्या, त्या तिथंच राहिल्या.

"टोचते का, अण्णा?"

"काय?"

"टोचते का?"

"ऐकू येत नाही."

पण काढ म्हणाले नाहीत. इतके दिवस डोक्यावर टॉवेल घेऊन, मान खाली घालून ऑटोत बसणारे अण्णा त्या दिवशी ताठ बसले. रस्त्याकडे बघत.

हॉस्पिटलात डॉक्टरबाई म्हणाल्या, "टोपी काढा, तपासायचंय."

मी ओढली. नर्सनं ओढली. मग डॉक्टरबाईंनी स्वतः ओढली. खुर्ची सरकली, टोपी नाही!

"डॉक्टर," अण्णा गंभीरपणे म्हणाले, "डोकं तेवढं राहू द्या."

कात्री आली. काठ कापला, टोपी सुटली, आणि अण्णांच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत लाल वळ! मला रडू कोसळलं. त्यांच्या हातावर हॉस्पिटलच्या सुयांच्या खुणा होत्याच, आता डोक्यावर माझ्या सुयांची खूण.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, तेही रडताहेत. हसत होते! आजार कळल्यापासून पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत.

"दे ती इकडं," हात पुढे करून म्हणाले, "आता होईल." आणि कापलेली टोपी खरंच बसली!

घरी आल्यावर तो काठ नंदानं आणि गौरक्कांनी मिळून, न भांडता, सैलसर शिवला. (मला हात लावू दिला नाही.) उपचार संपेपर्यंत अण्णांनी दुसरी टोपी घातली नाही.

आता ते बरे आहेत. केस आलेत, पूर्वीपेक्षा दाट. परवा एका लग्नात माझ्या आत्यानं विचारलं, "अण्णा, इतक्या लवकर केस कसे रे आले?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं दुसऱ्या टोपीची लोकर आणली. केसांनी घाई केली."

सगळे हसले. लोकर मात्र मी खरंच आणली होती.